गुलाम राखायचा हक्क म्हणजे राज्याचा हक्क नव्हे!



परवा पहिली पाळी सुटल्यावर आपली गेटसभा झाली. सीमाभागाचा ठराव मांडला, हात वर झाले, घोषणा झाल्या. सभा मोडता मोडता एक शिकलेले गृहस्थ पुढं आले आणि म्हणाले, "भाषेच्या नावानं तुम्ही लोक देश फोडताय. अमेरिकेत दक्षिणेच्या राज्यांनी असंच 'राज्यांचे हक्क, राज्यांचे हक्क' म्हणून नाचवलं. सहा लाखांवर माणसं मेली. तुम्हाला तेच हवंय काय?"

त्यांना कुणी उत्तर द्यायच्या आत आपल्याच रिंग खात्यातला एक तरणा गडी उसळला. "मग त्यांचं बरोबरच होतं! राज्याला हक्क म्हंजे हक्क. नाय पटलं तर बाहेर पडायचं. अडवणारे हे कोण?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकून माझ्या पोटात धस्स झालं, म्हणून हे लिहितो आहे.

गृहस्थ चुकले आणि आपला गडीही चुकला. गृहस्थांनी आपल्याला गुलामांच्या मालकांच्या रांगेत बसवलं, आणि आपला गडी त्या रांगेत आपण होऊन जाऊन बसला! मी काही प्रोफेसर नव्हे, शाळा सातवीपर्यंत. पण सूत कुठं तुटलं ते गिरणी कामगाराला दिसतं. इथं सूत कुठं तुटलं ते दाखवतो.

कापूस आणि साखळदंड

अमेरिकेची ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असेल नसेल, कापसावर पोट असलेल्या माणसाची आहेच. कारण ती सगळी कापसाची गोष्ट आहे.

१७९३ साली एली व्हिटनी नावाच्या माणसानं सरकी काढायचा रेचा बनवला. तोवर हातानं सरकी काढायला दिवस जायचा, म्हणून कापूस महाग पडायचा. रेचा आला आणि दक्षिणेच्या मळेवाल्यांना सोन्याची खाण सापडली. आता तुम्ही म्हणाल, यंत्र आलं म्हणजे मजुराचे कष्ट कमी झाले असतील. उलटं झालं! सरकी यंत्रानं निघू लागली, पण बोंडं हातानंच वेचायची होती. जितका रेचा पळेल तितके वेचणारे हात पाहिजेत. १७९० साली त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० च्या खानेसुमारीत ते साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. यंत्र मालकाच्या हाती असलं की ते कुणाच्या कामाला येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

गुलाम म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. आपण कधी रागानं म्हणतो, "आम्ही मालकाचे गुलाम झालोय." बंधूंनो, तो शब्द जपून वापरा. आपली पाळी सुटते. आपण संप करतो. आपली पोरं आपली असतात. तिथं माणूसच मालकाचा माल होता. बाई विकली जायची, तिचं पोर दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलं जायचं. लिहायला वाचायला शिकवणं बऱ्याच राज्यांत गुन्हा होता. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्कचा स्वतंत्र काळा माणूस. त्याला १८४१ साली फसवून पळवलं आणि लुइझियानात विकलं. बारा वर्षांनी तो सुटला आणि त्यानं सगळं लिहून ठेवलं. दिवसाला २०० पौंड कापूस वेचायचा हा साधा हिशेब. संध्याकाळी काट्यावर टोपली चढायची. वजन कमी भरलं तर चाबूक. आणि जास्त भरलं तर? तर उद्यापासून तेवढंच रोजचं माप! आपल्याकडं उत्पादनाचं माप कसं वाढवतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला यातली मेख लगेच कळेल.

हा कापूस जायचा कुठं? इंग्लंडात. लँकेशायरच्या गिरण्या जो कापूस कातायच्या त्यातला पाचात चार हिस्से अमेरिकेतून यायचा. अमेरिकेच्या सगळ्या निर्यातीत निम्म्याहून जास्त पैसा एकट्या कापसाचा. एवढा पैसा ज्या चाबकावर उभा आहे, तो चाबूक सोडायला कोण मालक आपण होऊन तयार होईल?

त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय

आता आजही काही लोक, तिथले आणि इथले, मोठ्या गंभीर चेहऱ्यानं सांगतात की युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही. ते जकातीवरून झालं, राज्यांच्या हक्कांवरून झालं, दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीच्या दादागिरीवरून झालं.

मग साक्षीदार आपण बोलावू नये, त्यांचेच बोलवावेत.

६ नोव्हेंबर १८६० ला अब्राहम लिंकन निवडून आला. त्याच्या पक्षाचं म्हणणं एवढंच होतं, की पश्चिमेच्या नव्या मुलखात गुलामगिरी पसरू द्यायची नाही. जिथं आहे तिथं हात लावणार नाही असं तो स्वतः सांगत होता. तरी २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटून निघालं. चार दिवसांनी त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला. त्यात काय आहे? उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत. गुलामाला बरोबर घेऊन न्यूयॉर्कमधून नुसतं जाऊसुद्धा देत नाहीत. गुलामगिरीला पाप म्हणणाऱ्या सभा-संस्था चालू देतात. काही ठिकाणी काळ्या माणसाला मत देऊ देतात!

मिसिसिपीनं तर आडपडदाच ठेवला नाही. आमची सगळी बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी एकजीव झालेली आहे, असं त्यांनी आरंभालाच सांगून टाकलं. आणि त्यांच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स, २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात भाषण करताना काय म्हणाला? आमच्या राज्याची कोनशिलाच ही आहे, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक स्थिती आहे.

घराची कोनशिला कुठली ते घरमालकानंच सांगितलं. आता शेजाऱ्यानं येऊन "नाय हो, पाया जकातीचा होता" म्हणायचं कारण काय? आणि जकातीचंही ऐका. १८५७ साली जकात कमी केली होती, ती दक्षिणेच्याच मतांनी. वाढीव जकातीचा कायदा मंजूर झाला तो १८६१ साली, दक्षिणेचे सभासद सभागृह सोडून गेल्यावर. आधी घर सोडायचं आणि मग भाडं वाढलं म्हणून सोडलं असं सांगायचं, ही तऱ्हा!

राज्यांचे हक्क? कुणाच्या राज्याचे?

तरण्या गड्या, तू म्हणालास राज्याचा हक्क म्हणजे हक्क. बरं, तर मग बघू त्या मळेवाल्यांना राज्यांच्या हक्कांचं किती प्रेम होतं.

१८५० साली पळालेल्या गुलामांचा कायदा झाला. कुणाच्या आग्रहानं? दक्षिणेच्या. उत्तरेच्या राज्यात गुलामगिरी बंद होती, तरी तिथं पळून आलेल्या माणसाला केंद्र सरकारच्या माणसांनी धरायचं, ज्युरी नाही, त्याची स्वतःची साक्ष घ्यायची नाही, आणि परत पाठवायचं. रस्त्यानं जाणाऱ्या साध्या नागरिकालासुद्धा धरपकडीत मदत करायला लावायचं. आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याची फी? माणूस सुटला तर ५ डॉलर, गुलाम ठरला तर १० डॉलर! असा न्याय.

विस्कॉन्सिन राज्याच्या लोकांनी हे मानलं नाही. १८५४ साली जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या माणसाला मिलवॉकीच्या तुरुंगातून जमावानं सोडवलं. त्या राज्याच्या वरिष्ठ कोर्टानं सांगितलं, हा केंद्राचा कायदा घटनाबाह्य आहे, आमच्या राज्यात चालणार नाही. मग दक्षिणेचे हे राज्यहक्कवाले काय म्हणाले? "वा, शाबास विस्कॉन्सिन, राज्याचा हक्क बजावलात" असं म्हणाले? छे! केंद्राचा कायदा सर्वश्रेष्ठ आहे, राज्यानं गुमान मानला पाहिजे, असंच म्हणाले. १८५९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं विस्कॉन्सिनचा निकाल उलटवला आणि मळेवाल्यांनी समाधानानं मिशांवर ताव दिला.

म्हणजे केंद्र गुलाम धरून देत होतं तोवर केंद्र चांगलं. केंद्राच्या खुर्चीवर गुलामगिरीला आवर घालू पाहणारा माणूस बसला, की लागलीच राज्यांचे हक्क! खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

आणि फुटून निघाल्यावर त्यांनी स्वतःची घटना केली, मार्च १८६१ मध्ये. तिथं तरी राज्यांना हक्क दिले? त्या घटनेत कलम आहे, की गुलामांवरच्या मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करता येणार नाही. दुसरं कलम आहे, की कुठलाही नागरिक आपले गुलाम घेऊन कुठल्याही राज्यात जाऊ शकतो, राहू शकतो. राज्यानं ठरवलं तरी त्याला अडवता येणार नाही! आणि फुटून निघायचा हक्क? ज्या हक्कासाठी एवढं रामायण केलं, तो हक्क त्या घटनेत लिहिलेला नाही. उलट आमचं सरकार कायमचं आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं.

पुढं एप्रिल १८६२ मध्ये अमेरिकेतली पहिली सक्तीची लष्करभरती याच दक्षिणेच्या केंद्र सरकारनं केली. जॉर्जियाचा गव्हर्नर राज्याच्या हक्कांच्या नावानं ओरडत राहिला, कुणी ऐकलं नाही. त्याच सालच्या ऑक्टोबरात सवलत निघाली, की ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम आहेत तिथल्या एका गोऱ्याला लढाईतून सूट. म्हणजे वीस माणसांचा धनी घरी, आणि दोन एकर फाटक्या जमिनीचा धनी आघाडीवर! गरीब गोऱ्याला तेव्हा कळलं की "आपलं राज्य, आपलं राज्य" म्हणून ज्याच्यासाठी छातीवर गोळी घ्यायची, ते राज्य आपलं नव्हतंच. बंधूंनो, हे वाक्य मनात ठेवा. शेवटी पुन्हा त्यावर येणार आहे.

कायद्याचं काय?

कायद्यानं फुटून निघता येत होतं की नव्हतं? प्रश्न रास्त आहे. विरोधकाचा वकील आधी उभा करू, नाहीतर आपण पळपुटे ठरू.

त्यांचा वकील म्हणतो: अमेरिकेच्या घटनेत "राज्यानं बाहेर पडू नये" असं कुठंही लिहिलेलं नाही. दहाव्या दुरुस्तीनं सांगितलंय, की जो अधिकार केंद्राला दिला नाही आणि राज्याला मना केला नाही तो राज्याकडं किंवा लोकांकडं राहिला. राज्यं आपल्या राजीखुशीनं संघात आली, आपल्या खुशीनं जातील. करार आहे, मोडता येतो.

आता आपलं उत्तर.

एक. त्या घटनेच्या आधी जो करार होता, १७८१ चा, त्यात संघ कायमचा आहे असं स्पष्ट होतं. नवी घटना १७८७ साली केली ती हा संघ जास्त पक्का करायला. कायमचा होता, तो जास्त पक्का केला, आणि म्हणून तो केव्हाही मोडता येतो? हा कुठला हिशेब!

दोन. घटनेच्या पहिल्याच कलमात राज्यांना मनाई आहे, की कुठल्याही राज्यानं तह करू नये, दुसरा राज्यसंघ स्थापू नये. दक्षिणेनं नेमकं तेच केलं. सहाव्या कलमात आहे, की देशाची घटना राज्याच्या घटनेच्या आणि कायद्याच्या वर. मग राज्याच्या एका ठरावानं देशाची घटना रद्द कशी होईल?

तीन. करार म्हणता, तर करार एका बाजूच्या सहीनं सुटत नाही. आपला आणि मालकाचा पगाराचा करार मालकानं एकट्यानं फाडला तर आपण ऐकून घेऊ? साउथ कॅरोलायनानं बाकीच्या राज्यांची संमती घेतली नाही.

चार. फुटलेली राज्यं अकरा. त्यांतली मूळच्या तेरांपैकी फक्त चार. टेक्सास आधी स्वतंत्र होतं, ते १८४५ साली संघात आलं. उरलेली सहा संघाच्याच मुलखातून संघाच्या काँग्रेसनं घडवली. लुइझियानाचा मुलूख तर १८०३ साली फ्रान्सकडून दीड कोटी डॉलर मोजून विकत घेतलेला, सगळ्या देशाच्या पैशानं. सगळ्यांच्या पैशानं बांधलेल्या घरात एक भाऊ राहतो आणि एक दिवस म्हणतो, ही खोली माझी, मी भिंत घालतो!

युद्ध संपल्यावर १८६९ साली टेक्सासच्या सरकारी रोख्यांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढं आला. त्यात निकाल झाला, की संघ अभंग आहे आणि राज्यंही अभंग आहेत. बाहेर पडायचं तर दोनच वाटा: क्रांती, नाहीतर बाकीच्या राज्यांची संमती. फुटून निघायचे ठराव कायद्यात शून्य.

कुणी म्हणेल, हा जिंकलेल्यांचा निकाल. असू द्या. क्रांतीची वाट तर त्या न्यायालयानंही मोकळी ठेवली. जुलमाविरुद्ध बंड करायचा माणसाला हक्क आहे. तो कुठल्या वकिलानं दिलेला नाही आणि कुठला वकील काढून घेऊ शकत नाही. पण मग विचारा, तिथं जुलूम कुणावर होता? ज्याच्या हातात चाबूक होता त्याच्यावर, की ज्याच्या पाठीवर तो पडत होता त्याच्यावर? बंडाचा हक्क होता तो कापूस वेचणाऱ्याला. आणि त्यानं तो बजावला! युद्ध सुरू झालं तसे लाखो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत गेले. डू बॉइस या थोर काळ्या विद्वानानं १९३५ च्या आपल्या ग्रंथात याला नाव दिलं: सार्वत्रिक संप! जगातल्या मोठ्या संपांत हा संप मोजला पाहिजे. सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई उत्तरेच्या फौजेतून लढले. १ जानेवारी १८६३ ला लिंकननं मुक्तीचा जाहीरनामा काढला, १८६५ साली तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी घटनेतून उपटली. पण साहेबानं दान दिलं म्हणून ते सुटले असं कुणी समजू नये. ते काम टाकून उठले, म्हणून सुटले.

कुणाला विचारलं होतं?

सगळ्यात मोठा सवाल मी शेवटी ठेवलाय. साउथ कॅरोलायनाच्या "जनतेनं" फुटायचा निर्णय घेतला म्हणतात. १८६० च्या खानेसुमारीत त्या राज्याच्या शंभर माणसांत ५७ गुलाम होते. मिसिसिपीत शंभरात ५५. म्हणजे राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं! त्यांना विचारलं? बायकांना विचारलं? ज्या राज्यात बहुसंख्य माणसं मालमत्तेच्या वहीत लिहिलेली आहेत, त्या राज्याला "आमची इच्छा" म्हणायचा अधिकार कुठून आला? राज्य म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे. राज्य म्हणजे तिथली माणसं. माणसांना वगळून राज्याचा हक्क सांगणारा माणूस स्वतःच्या तिजोरीचा हक्क सांगत असतो.

लँकेशायरच्या विणकरांची गोष्ट

उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांना वेढा घातला. कापूस थांबला. लँकेशायरचे साचे थांबले. १८६२ च्या अखेरीस तिकडं पाच लाखांच्या आसपास लोक मदतीच्या अन्नावर जगत होते. गिरणी बंद पडल्यावर चूल कशी थंड पडते ते आपल्याला ठाऊक आहे. १९८२ चा मुंबईचा संप आणि त्यानंतरचं गिरणगाव ज्यांच्या घरांनी पाहिलं, त्यांना तर पुरतं ठाऊक आहे.

अशा वेळी इंग्लंडचे बडे लोक म्हणत होते, आपलं आरमार धाडा, वेढा फोडा, कापूस आणा, दक्षिणेला मान्यता द्या. काही गावांत उपाशी कामगारही तसं म्हणू लागले होते, ते लपवायचं कारण नाही. पण ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. तिनं लिंकनला पत्र पाठवलं, की आमचे हाल होत आहेत, तरी गुलामगिरी मोडायच्या कामात आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. १९ जानेवारी १८६३ ला लिंकननं उत्तर लिहिलं. हालअपेष्टांत दाखवलेल्या त्या धैर्याला त्यानं मानाचा मुजरा केला. पुढं अमेरिकेतून धान्याची जहाजं आली. मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा आहे, तो त्याच नात्याचा.

उपाशी पोटी माणूस विकला जातो असं मालक समजतो. मँचेस्टरच्या विणकरांनी त्याला खोटं पाडलं. ती आपली जात आहे, बंधूंनो. मळेवाले आपली जात नव्हेत.

त्याच वेळी इकडं मुंबईत काय चाललं होतं? अमेरिकेचा कापूस थांबला तसा आपल्या कापसाचा भाव आकाशाला भिडला. बॅकबेच्या शेअरांवर दलाल गबर झाले. १८६५ साली युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. दलालांचा डाव बुडाला, आणि शेतकऱ्याच्या गळ्यात सावकाराचं कर्ज राहिलं. त्याच पैशाच्या धुंदीत पुण्यात एक माणूस मात्र दुसरंच मोजत होता. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांच्याच सत्यशोधक समाजातल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी पुढं मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. आपली युनियन त्या बीजाची आहे. तेव्हा अमेरिकेच्या त्या युद्धात महाराष्ट्राचा कामगार कुणाच्या बाजूचा, हे दीडशे वर्षांपूर्वीच ठरलंय.

मग आमचं मागणं काय?

आता गृहस्थांना उत्तर.

आपल्या घटनेच्या पहिल्या कलमात भारत हा राज्यांचा संघ आहे असं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचा अर्थ उघड सांगितला. हा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला फुटून निघायचा हक्क नाही. अमेरिकनांना हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं. आपण ते आधीच स्पष्ट करून ठेवलेलं बरं, असं ते म्हणाले. आम्हाला ते मान्य आहे. शंभर टक्के मान्य आहे.

पण त्याच घटनेत तिसरं कलम आहे. नवं राज्य करायचा, हद्द बदलायचा अधिकार संसदेला आहे. त्या कलमाच्या दारानं भारतातली राज्यं घडली. १९५३ साली आंध्र झाला, तेव्हा देश फुटला? १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात झाले, देश फुटला? २०१४ साली तेलंगण झालं, फुटला? फ्लोरा फाउंटनला १९५५ साली गोळ्या झेलणारे आमचे हुतात्मे भारतातून बाहेर जायला निघाले नव्हते. भारतातल्या राज्याचा कारभार आपल्या भाषेत व्हावा, एवढ्यासाठी ते मेले.

संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या साहित्य संमेलनात झाला, आणि ते संमेलन भरलं होतं बेळगावात. १ नोव्हेंबर १९५६ ला तेच बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं. तेव्हापासून ८६५ गावांचं एकच मागणं आहे: खेडं घटक धरा, सलगता बघा, भाषिक बहुसंख्या मोजा, लोकांची इच्छा विचारा. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मळेवाल्यांनी १२ एप्रिल १८६१ ला सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. आम्ही वकीलपत्र दाखल केलं. त्यांनी निम्म्या माणसांना न विचारता निर्णय घेतला. आम्ही म्हणतो एकूण एक माणसाला विचारा. त्यांना माणूस निरक्षर ठेवायचा हक्क हवा होता. आम्हाला सातबारा वाचता यावा म्हणून तो आपल्या भाषेत हवा आहे.

हे दोन्ही सारखं? साहेब, काट्यावर ठेवून तरी बघा!

आणि आपल्यातल्यांना

आता तरण्या गड्याला, आणि त्याला टाळ्या देणाऱ्यांना.

"राज्याचा हक्क" हा दुधारी शब्द आहे. १९५७ साली आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरनं लिटल रॉक गावच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना येऊ द्यायचं नाही म्हणून शिपाई उभे केले. तोंडात शब्द तोच: राज्याचा हक्क! राष्ट्राध्यक्षाला फौज पाठवून ती पोरं वर्गात न्यावी लागली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. म्हणून कुणीही राज्याच्या नावानं ओरडला की आपण आधी विचारायचं: कुणाचा हक्क? कुणावर? कशासाठी?

हाच सवाल स्वतःला विचारा. आपल्या खात्यात शेजारच्या साच्यावर कानडी माणूस आहे, तेलुगू आहे, उत्तरेतून आलेला आहे. त्याच्या पोराला त्याच्या भाषेची प्राथमिक शाळा मिळावी असं घटनेचं ३५० अ कलम म्हणतं. बेळगावातल्या मराठी पोरासाठी आपण याच कलमाचा दाखला देतो. तो दाखला इथं आपल्या गावात विसरलो, तर आपल्यात आणि विस्कॉन्सिनला दटावणाऱ्या मळेवाल्यांत फरक काय उरला? आणि मराठी राज्यात मराठी मालक मराठी कामगाराला बदलीवर ठेवून वर्षानुवर्षं कायम करणार नाही, गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणवठ्यावर अडवतील, तर ते राज्य कुणाचं? वीस गुलामांचा धनी घरी आणि गरीब आघाडीवर, ते वाक्य मी मनात ठेवायला सांगितलं होतं. ते यासाठी.

म्हणून पुढच्या सभेला या. हात वर करा. पण कुणी "फुटून निघू" म्हणालं तर टाळी देऊ नका. त्याला खाली बसवा आणि समजावून सांगा. आमची लढाई घटनेच्या आत आहे, देशाच्या आत आहे, आणि माणसाच्या बाजूची आहे. हे तिन्ही सांभाळलं तरच आपण जिंकणार, आणि जिंकलेलं आपलं राहणार.

बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!

महात्मा फुल्यांचा विजय असो!

जय महाराष्ट्र! जय भारत!